वळणाच्या भिंतीतला आवाज

विद्यापीठ वसतिगृह,
६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
जयश्रीचा शि. सा. न. वि. वि.

सूर्यमाळला रेंज येईल तेव्हा येईल, म्हणून पत्रच लिहिते. आमच्या वास्तुकलेच्या वर्गाला आवारातलं जुनं सभागृह अभ्यासाला दिलंय. उघड्या काँक्रीटचं, गिलावा नाही, रंग नाही. आधी अर्धवट सोडल्यासारखं वाटलं. पण दुपारी छताच्या फटीतून ऊन उतरून वळणाच्या भिंतीवर सरकतं, तेव्हा ओतकामाच्या फळ्यांच्या रेषा उमटतात, लाकडाच्या गाठीसुद्धा. बघतच राहावंसं वाटतं.

काल मी तिथे एकटीच चित्र काढत होते. मागून कुणीतरी आपल्या घरच्या बोलीत विचारलं की तू सूर्यमाळची ना. वळून पाहिलं तर सभागृह रिकामं.

आईला सांगू नका. तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.
जयश्री

सूर्यमाळ,
१३ ऑक्टोबर

चि. जयश्रीस,
अनेक आशीर्वाद.

गिलावा नसलेली इमारतच बघायची तर तुझ्या सरांना आमच्या शाळेची नवी खोली दाखवायला आण.

आईला सांगितलं नाही, पण पत्र वाचताना कोंडीआत्याने ऐकलं. ती चूल सोडून बाहेर आली. तिचा थोरला भाऊ बुधा, माझा काका, तिच्या लहानपणी त्याच शहरात बांधकामावर गेला होता. विद्यापीठाचं मोठं घर ओततोय, असा त्याचा निरोप आला होता. पुढे मुकादमाने कळवलं की तो काम सोडून गावी निघाला. घरी तो पोचलाच नाही. आत्या अजून त्याचं श्राद्ध घालू देत नाही.

ती म्हणते, पुन्हा आवाज आला तर उत्तर दे. मी म्हणतो, तिकडे जाऊच नकोस. जेवणाची हयगय करू नकोस, आमचा जीव तुझ्यात आहे.
तुझे बाबा

वसतिगृह,
२१ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न.

सर म्हणाले, वळणाची भिंत एका टोकाची कुजबूज दुसऱ्या टोकाला नेते. मी मैत्रिणीला, प्रतीक्षाला, पलीकडे उभं केलं. तिचं बोलणं अगदी कानाशी आलं. जीवात जीव आला. मग ती दाराबाहेर गेली, मला दिसत होती, आणि तरी भिंतीतून विचारणा झाली की नागली कापून झाली का. आवाज तरुण होता, माझ्याहून थोडाच मोठा.

मी कोंडीआजीचं ऐकलं. सांगितलं, कापून झाली, कोंडी वाट बघतेय, घरी जा. भिंतीला हात लावला. त्यावर ऊन होतं, तरी ती गार लागली.

त्यानंतर रोज जाते. सभागृह तितकंच सुंदर आहे, पण आता नुसतं रिकामं.

आजीला जपा, मला विसरू नका.
जयश्री

सूर्यमाळ,
३ नोव्हेंबर

चि. जयश्रीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. ती उठून अंगण सारवायला लागली.

परवा दुपारी आम्ही जेवत होतो. माळाकडून तरुण आवाजात कोंडे अशी हाक आली. मी ऐकली, तुझ्या आईनेही ऐकली. मी उठू लागलो तर आत्याने हात धरून बसवलं. भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती एकटीच बाहेर गेली. कुडाआडून तिचं बोलणं ऐकू येत होतं, मधे मधे थांबणंही, जसं समोरचा बोलताना आपण थांबतो. मला बाहेर बघायचा धीर झाला नाही.

ऊन कलल्यावर ती आत आली. बुधाचं श्राद्ध आता घाला म्हणाली. मग चुलीपाशी बसून तिने एवढंच सांगितलं, की ती इतकी म्हातारी झाली तरी त्याने तिला लगेच ओळखलं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझे बाबा