बहिरी झेंडी

आणि आता तर नियमच बदलायचं म्हणून राह्यले, बाबा. मग माझ्या गोलाचं काय? तुम्ही म्हणायचे, बोटभर पुढे असला तरी पुढे म्हणजे पुढेच, त्यात तुझं-माझं नाही. आता फुटबॉलचे नियम ठरवणारे तिकडचे मोठमोठे लोक वाद घालत बसले आहेत की बोटभर पुढे म्हणजे पुढे नाहीच. आपल्या गड्याने बॉल मारला त्या क्षणी खेळाडूचं सगळं अंग शेवटच्या डिफेंडरच्या पुढे गेलं असेल तरच ऑफसाइड धरायचं. पाय, गुडघा, खांदा, काहीही त्याच्या बरोबरीत असेल तर गोल खरा. अजून सगळीकडे झालं नाही, कुठे कुठे करून पाहतात, भांडणं चालू आहेत. मी मोबाइलवर वाचलं आणि पहिली आठवण तुमची आली. खरं सांगतो, रागानेच आली. आठ वर्षं झाली तरी मला तुम्ही तसेच दिसता, झेंडी वर धरून उभे, आणि माझ्याकडे पाहत नाही.

मी केरळात आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही होते तेव्हा मी सुरतेला होतो, मग पुणं झालं, मग हैदराबाद. एका जागी माझं बूड टेकत नाही म्हणून माय अजूनही फोनवर बोलते. इथे प्लायवूडच्या कारखान्यात मात्र दीड वर्ष टिकलो, आणि त्याचं कारण पगार नाही, फुटबॉल आहे. इथे भात कापला की रिकाम्या शेतात गोल उभे राहतात आणि सात-सात जणांचे सामने होतात. आम्हा कामगारांची पण एक टीम आहे. आणि बाबा, त्या सातांच्या खेळात ऑफसाइडच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, हेच आपलं गाव. जाऊन सरळ गोलकीपरजवळ उभा राहिलो आणि येईल तो बॉल आत ढकलत गेलो. महिनाभर मजा आली, मग नाही आली. बुजगावण्यासारखं एका जागी उभं राहायचं, कोणाला चुकवायचं नाही, वेळ साधायची नाही. गोल झाला की लोक टाळ्या वाजवायचे आणि मला शिळ्या भाकरीचा घास घेतल्यासारखं व्हायचं. हे मी इथे कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही फक्त मान हलवली असती, आणि त्या मान हलवण्याचाच मला राग आला असता.

आपल्या गावात फुटबॉल तुम्हीच आणला. आजूबाजूची सगळी गावं कबड्डीवाली. लग्नाच्या आधी तुम्ही पुलगावला हमालीला होते, तिथे फौजींच्या मैदानावर एकदा लाइनवर उभं राहायला माणूस कमी पडला आणि कोणीतरी तुमच्या हातात झेंडी दिली. ती तुम्ही कधी खाली ठेवलीच नाही. पुढे देवळीला कापसाच्या जिनात कामाला लागले, तरी गावच्या सव्वीस जानेवारीच्या सामन्यांना तीन दिवस खाडा करून लाइनवर तुम्हीच. मायच्या जुन्या लाल झंपराचा तुकडा आणि वेळूची काडी. मी सात-आठ वर्षांचा असेन, तुम्ही मला घरापुढच्या रस्त्यावर उभं करून शिकवता आहात. "बॉल पाहू नको. बॉल सारेच पाहतात. तू रेघ पाह्य, आन लाथ कानानं आयक." मी म्हणतो, "कानानं कसं दिसन?" तुम्ही मागून येऊन माझं डोकं दोन्ही हातांनी धरता, सरळ करता. तुमच्या हातांना सरकीचा वास आहे. मागे कोणीतरी बॉल मारतं, धप. "आयकलं? त्या धपच्या टायमाले कोन कुठं होता, थे सांग." ते मला अजून येतं. टीव्हीवर आता मशीन रेघा आखून नखाएवढा फरक दाखवते, पण बॉल पायाला लागला तो क्षण आधी धरावाच लागतो, आणि तुम्ही तो कानाने धरत होते.

मग जिनातल्या मशिनींनी तुमचे कान नेले. घरात सगळ्यांना कळलं होतं आणि कोणीच तसं बोलत नव्हतं. माय चुलीपाशी बसून तुम्हाला हाक मारायची, पुन्हा मारायची, मग ओल्या हाताचं पाणी तुमच्या पाठीवर शिंपडायची. तुम्ही हसत वळायचे. "आता बोलली का पयल्यांदा?" "पाचव्यांदा बोलली," माय म्हणायची. "जेवाले या, का तुमच्या कानात वाढू?" गावात मात्र ही गोष्ट तुम्ही कळू दिली नव्हती. लोक काही बोलले की तुम्ही तोंडाकडे पाहून अंदाजाने हो-नाही करायचे, आणि ते बहुतेक बरोबर निघायचं.

तो सामना झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि नववीतून शाळा सोडलेली होती. सव्वीस जानेवारीची सेमीफायनल. शेवटची पाच मिनिटं, कोणाचाच गोल नाही. नागपूरच्या एका क्लबचा माणूस पोरं पाहायला आला होता. निवडलं तर तिथेच राहायचं, खायचं, खेळायचं. मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मला ते पाहिजेच होतं. आमच्या पोट्ट्याने मधून लांब बॉल टाकला, मी पळालो, मारला, गोल. सगळे माझ्या अंगावर पडले. त्या गर्दीतून मान वर काढली तर तुमची झेंडी वर. रेफ्रीने गोल रद्द केला. त्यानंतर मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण लिहितो, कारण आजपर्यंत मी ते कोणापुढे पूर्ण सांगितलं नाही. मी लाइनपाशी आलो आणि सगळ्या मैदानाला जाईल एवढ्या आवाजात ओरडलो, "बहिरा हाय थो. लाथच नाई आयकली त्यानं, तर झेंडी कायची दाखवते? घरी येऊन इचारा." मैदान हसलं. तुम्हाला माझं बोलणं किती ऐकू गेलं, माहीत नाही. हसणारी तोंडं तर तुम्ही पाहिलीच. तरी हात खाली नाही आला. पुढे पेनल्टीवर आम्ही हरलो, आणि नागपूरवाल्याने वहीत माझं नाव लिहिलं नाही.

संध्याकाळी माय भाकरी थापते आहे, मी भिंतीकडे तोंड करून जेवतो आहे. माय तुम्हाला हाताने खुणा करून विचारते, असं पोराने केलं तरी काय. तुम्ही तिला समजावता, "लग्नात पंगत उठाच्या आधीच जो लोकाच्या पाठीमागं जागा धरून उभा राह्यते ना, तसं थे." माय म्हणते, "त्याले आपण भुकेला म्हनतो बाप्पा, झेंडी नाई दाखवत." तुम्हाला ते तिच्या ओठांवरून कळलं आणि तुम्ही मोठ्याने हसले. मी हसलो नाही. मग तुम्ही माझ्याकडे सरकले. बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही, शेजारच्यांनीही ऐकलं असेल. "मले आवाज नाई आला, खरं हाय. दोन वर्सं झाले, नाई येत. म्हनून मी धूळ पाहतो. लाथ बसली का बॉलखालून धूळ उडते, थे डोळ्याच्या कोपऱ्यात दिसते. धूळ उडाली तवा तुह्या आन त्यांच्या शेवटच्या पोट्ट्याच्या मधातून मले पल्याडची बाभूळ दिसली. बुडापासून सारी." मी म्हटलं, "बाभूळ म्हने." आणि ताटावरून उठलो. महिन्याभरात सुरतेला निघून गेलो. नंतर फोनवर मायच बोलायची. तुम्हाला फोनवर ऐकू येत नव्हतं, हे मला सोयीचं पडलं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला सामन्यांच्या कमिटीने तुम्हाला बोलावलं नाही. माय सांगते, त्या तीनही दिवसांत तुम्ही सकाळी अंघोळ करून, कपडे घालून ओट्यावर बसून राहायचे. जिनात गेले नाहीत, मैदानावरही गेले नाहीत. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेले, आणि मी पुण्यानुमोदनाला दोन दिवस येऊन परत निघालो. तुम्ही गेल्यावर एक गोष्ट मात्र गावात राहिली. कोणाचा निकाल पटला नाही की लोक म्हणतात, बहिरी झेंडी. ग्रामसभेत म्हणतात, पत्त्यांच्या डावात म्हणतात. ज्या लहान पोरांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही तीही म्हणतात. तो शब्द मी दिलेला आहे.

गुरुवारी धाकट्या भावाचा फोन आला. तो आता कमिटीत आहे. म्हणाला, "दादा, औंदा ऑफसाइड काढूनच टाकतो म्हनून राह्यले सारे. रविवारी मीटिंग हाय. लाइनमन भेटत नाई, आन भेटला तर भांडनं. आन परत्येक जन तुह्याच गोलाचं नाव घेते. म्हनतात, सख्ख्या बापाले कळलं नाई, तं बाकीच्याले काय कळन." मी म्हटलं, "काढून टाका. तिकडं मोठे लोकही बदलून राह्यले." तो म्हणाला, "मले कसंतरीच वाटते दादा. मी काही बोललो तं म्हनतात, बहिऱ्याचं पोट्टं बोललं." मी फोन ठेवला. धाकट्याला तिथे मान खाली घालून बसावं लागतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत मीच नव्या नियमाचा विषय काढला. माझ्या खोलीतला बंगाली पोरगा माझ्या बाजूने. तो म्हणाला, गोल वाढतील, लोक गोल पाहायला येतात, रेघा पाहायला नाही. आमचा इथला मेस्त्री, पन्नाशीचा माणूस, जन्मभर फुटबॉल पाहिलेला, तो म्हणाला, असं केलं तर डिफेंडर भीतीने मागे मागेच उभे राहतील, खेळ मरेल. मी जोरजोरात नव्या नियमाची बाजू घेतली. माझी गोष्टही सांगितली, नेहमी सांगतो तशी, की मी बोटभर पुढे होतो आणि बहिऱ्या लाइनमनने गोल घेतला. तो लाइनमन माझा बाप होता, हे मी सांगत नाही. मेस्त्रीने कप खाली ठेवला. म्हणाला, "नया रूल समझा है क्या तू? इधर आओ दोनों." त्याने आम्हाला आवारात एकामागे एक उभं केलं आणि स्वतः बाजूला जाऊन एक डोळा मिटला. मला म्हणाला, अजून पुढे सरक. अजून. मग म्हणाला, "अब देखो, तुम दोनों के बीच में से पूरा दीवार दिखता है. बीच में उजाला दिखा, तो नया रूल में भी ऑफसाइड. नहीं दिखा, तो गोल. बस इतना ही है." बंगाली हसत होता. मी तिथेच उभा राहिलो. भोंगा झाला, सगळे आत गेले.

मोठमोठे लोक आता ज्या गोष्टीवर वाद घालतात ना बाबा, ती तुम्ही मला चुलीपाशी बसून सांगितली होती. मधातून झाड दिसलं म्हणून. आणि ते तुम्हाला दिसलं असणारच. कारण मी बोटभर पुढे नव्हतो. मी मुद्दाम तुमच्या बाजूने पळालो होतो. तुम्हाला लाथ ऐकू येत नाही हे घरातला म्हणून मला माहीत होतं. झेंडी उशिरा येईल, नाही तर येणारच नाही, असा अंदाज धरून धप व्हायच्या आधीच मी निघालो होतो. चांगली दोन पावलं. पळता पळता मला कळलंही की जास्त झालं, पण बॉल समोर आला होता. तुम्ही धूळ पाहायला शिकले आहात, हे मला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी कळलं, आणि म्हणूनच मी ताटावरून उठलो, बाबा. राग आला म्हणून नाही.

आज सकाळी मीटिंगच्या आधी धाकट्याला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबाले माहीत होतं, तू मुद्दाम निंगाला म्हनून?" मी म्हटलं, माहीत असेल. "मंग थे गावात कोनाले बोलले काऊन नाई?" मग तोच म्हणाला, "मीटिंगमधी सांगू का?" मी म्हटलं, सांग. जसं सांगितलं तसंच सांग, माझ्या तोंडचे शब्द घेऊन सांग. आणि म्हण, ऑफसाइड काढू नका. नवा नियम पाहिजे तर नवा घ्या, मधातून उजेड दिसला तरच झेंडी. त्याला मशीन लागत नाही, मन लावून उभा राहणारा माणूस लागतो. दोन लाइनमनची तीन दिवसांची मजुरी दादा देतो म्हण.

दुपारी त्याचा दोन शब्दांचा मेसेज आला, "सांगितलं. राह्यलं." ऑफसाइड राहिलं म्हणजे. लोक काय बोलले ते त्याने लिहिलं नाही, मी विचारलं नाही. हा कागद कुठे टाकायचा नाही, टाकायला जागाही नाही. पैसे मोबाइलवरून जातात. रोजी चारशे, दोन माणसं, तीन दिवस, आणि शंभर रुपये लाल कापडाचे. पंचवीसशे पाठवतो आहे.