मोठं शीड

१२ फेब्रुवारी, बुलढाणा
चिखलीच्या कॉलेजात बोललो. आमची मयुरी आणि तिची मैत्रीण कोकिळा — दोघीच एका शिडाच्या बोटीवर, गोव्याहून मॉरिशसची शर्यत. "आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण माघारही नाही!" टाळ्या थांबेनात. घरी आल्यावर रुख्मिणी म्हणाली, "पोरगी तिथं पाण्यात, अन् तुमी इथं टाळ्या घेऊन राह्यले."

१५ फेब्रुवारी
दुपारी चारला मयुरीचा संदेश, सॅटेलाइट फोनवरून. 'वारा वाढतोय. कोकिळा म्हणते, पुढचं मोठं शीड आत्ताच उतरवू, लहान चढवू. पण मग पहिला नंबर जाईल. काय करू?'
मी लिहिलं — 'माघार नको. मोठंच ठेव.'
'बरं बाबा.'
रुख्मिणी म्हणाली, "तुमाले शिडातलं काय समजते हो?" निर्धारातलं समजतं, म्हणालो.

१६ फेब्रुवारी
संदेश नाही.

१७ फेब्रुवारी
नाही. शिडांवर मिळेल ते वाचत बसलो. सगळीकडे एकच — लहान शीड वारा वाढायच्या आधी चढवायचं. उशीर झाला तर ज्याला पुढच्या टोकावर जावं लागतं, त्याचा जीव धोक्यात.
हे परवा वाचायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी
फोन आला. मयुरी वाचली. कोकिळा गेली.
वादळात शीड उतरवावंच लागलं. मयुरीच्या हाती सुकाणू. कोकिळा कमरेचा पट्टा दोरीला अडकवून गुडघ्यांवर पुढे सरकली. शीड अर्धं खाली आलं आणि लाटेत गेलं. पाण्यानं भरलं. त्यानं तिला कठड्याबाहेर ओढलं. पट्टा तुटला नाही. त्या पट्ट्यालाच धरून मयुरीनं तिला वर घेतलं. श्वास नव्हता.

२ मार्च
मयुरी घरी आली. हातांची सालं निघालीत. कोकिळेच्या वडिलांना, गुलाबरावांना, तिनं फोनवर सांगितलं — "काका, वारा एकदम वाढला. शीड बदलायले टाइमच नाही भेटला." फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, ते मेसेज मी डिलीट केले. तुमीही करा."

६ मार्च
नांदुऱ्याला जाऊन आलो. गुलाबरावांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. "शोकसभेत तुमीच बोला, भाऊ. आमची कोकिळा तुमची भाषणं मोबाइलवर आयकायची." बोलतो, म्हणालो.
आयुष्यभर लोकांना खरं बोला म्हणून सांगत आलो. हे खरं माझ्या एकट्याचं असतं, तर तिथंच बोललो असतो. त्यात मयुरी आहे.

१० मार्च
शोकसभा. फोन काढला. तिन्ही संदेश तारीख-वेळेसकट वाचले. बाकी काही बोललो नाही. मयुरी समोरच बसली होती.
गुलाबराव जागेवरूनच म्हणाले, "म्हंजे माही पोरगी सांगून राह्यली होती."
"हाव," म्हणालो.