स्विनरॉइडांचा महामेळावा

३ मार्च
आजपासून आमच्या स्विनरॉइड घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. संकल्प पक्का. आमचे मूळपुरुष म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाबरोबर फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेले सरदार, हे मला लहानपणापासून आतून माहीत आहे. पुरावा तेवढा शोधायचा राहिलाय. ब्रेंडाने घटस्फोट घेऊन नऊ वर्षं झाली, तरी आडनाव अजून माझंच लावते. उगाच का? या नावाचं तेज एकदा तिला कळलं की येईल परत. लेकीला, जोअनला, फोनवर सांगितलं. म्हणाली, बाबा, आधी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करा. आईवर गेलीय.

११ मार्च
गावच्या इतिहास मंडळात गेलो. तिथल्या मिस इंगल्बी म्हणाल्या, नॉर्मन-बिर्मन काही नाही हो, वरच्या माळावर झाडं तोडून डुकरं चारायला जागा केली होती, तिथे राहायचे ते स्विनरॉइड; स्विन म्हणजे डुक्कर, रॉइड म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. डुकरं तरी कोणाची, विचारलं. मठाची, म्हणाल्या, तुमचे लोक नुसते राखायचे. बाई जळतात.

१२ मार्च, पहाटे
कोडं सुटलं! डुकरं म्हणजे रानडुकरं. म्हणजे शिकार. म्हणजे सरदारच! ढालीवर रानडुक्कर, असं घराण्याचं चिन्ह असलेले चहाचे चाळीस मग छापायला टाकले. नळाचं उद्या बघू.

२ एप्रिल
देशभरातल्या समस्त स्विनरॉइडांचा मेळावा. १० मे, चर्चचा हॉल. समस्त म्हणजे सापडले सहा. सगळ्यांना पत्रं टाकली, ब्रेंडालाही. पण रक्त बोलावतं, येतील.

२० एप्रिल
हल शहरातल्या गृहस्थांनी गेल्या वर्षीच आडनाव बदललं म्हणे. करंटा! लीड्सच्या म्हातारबाई वारल्या. बाकीचे गप्प. ब्रेंडाचं मात्र लगेच उत्तर: येते, तुझ्याशी बोलायचंच आहे.
बोलायचंच आहे! सूट धुवायला टाकला.

१० मे, सकाळी
पाऊस. अंड्याची सँडविचेस स्वतः केली. प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला तयार. ब्रेंडाचा सर्वांत सुबक.

१० मे, संध्याकाळी
आली. एकटी तीच आली. बिल्ला स्वतःहून लावला, छातीवर. मी रानडुकरापासून सगळा इतिहास सांगितला. एकदाही मध्ये बोलली नाही. संसारात असं कधी झालं नव्हतं.
मग म्हणाली, विल्फ्रेड, मी जूनमध्ये लग्न करतेय. केनेथ स्मिथशी.
स्मिथ! गल्लीत दगड मारला तर स्मिथला लागतो. मी म्हणालो, मग इतकी वर्षं माझं नाव कशाला लावलंस? म्हणाली, अरे, पासपोर्ट, बँक, सगळीकडे बदलत कोण बसणार होतं? आता पासपोर्ट संपतोच आहे. चिडून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. चिडलीच नाही. चहाचे कप विसळले, केनेथला अंड्याची आवडतात म्हणून चार सँडविचेस बांधून घेतली. दारात विचारलं, नळ अजून गळतो का रे? हो म्हणालो.
ती गेल्यावर रडलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

११ मे
हॉल आवरायला गेलो. तिचा बिल्ला टेबलावर होता, पिन नीट लावलेली. विसरली असेल. पोस्टाने पाठवावा म्हणून पाकीट घेतलं, पत्ता लिहिला. वर नाव काय घालायचं ते सुचेना. दुपार झाली, पाकीट तसंच आहे. नळही.