तिने जपून ठेवलेला शब्द

४ ऑक्टोबर
आज पंक्चरच्या दुकानात पुन्हा भाऊजी ओरडले. "ट्यूब पाण्यात धरून समाधी लागली का रे? बुडबुडे कधीचे येतायत."
माझं लक्ष समोर होतं. एक बाई स्वतः उन्हात आणि छत्री दुसऱ्याच्या पोरावर धरून चालली होती. तोंडातून निघालंच — काइंड. मान डोलवायला शेजारी कुणी नव्हतं.

५ ऑक्टोबर
कॉलेजच्या लायब्ररीतली ती खिडकी, आणि शेजारी वर्गातली ती! इंग्रजीत मी ढ, म्हणून तिने खेळ काढला होता. खालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या चांगुलपणाला नाहीतर वाईटपणाला एक इंग्रजी शब्द द्यायचा.
मी सढळ हाताने वाटायचो — मीन, ग्रीडी, विकेड. ती तोलूनमापून. वॉचमनला मी लेझी म्हटलं तर म्हणे, "झोप येणं हे काय पाप आहे?"
काळ्या बॅगवाला एक टकला रोज आमच्या खिडकीकडे बघत बघत जायचा. मी म्हटलं, "क्रूक. शंभर टक्के." ती हसून हसून खालीच बसली. "मी काइंड म्हणेन."
गुड मात्र तिने कुणालाच दिला नाही. "तो जपून ठेवलाय."
"आणि मला कोणता?"
"शेवटच्या पेपरनंतर सांगेन."

८ ऑक्टोबर
शेवटचा पेपर मी दिलाच कुठे! तासाला डुलकी लागली म्हणून सर भर वर्गात म्हणाले, "घरी पलंग नाही का तुझ्या?" डोकं सटकलं. वही भिरकावली आणि बाहेर पडलो तो कायमचाच.
तिला म्हटलं, "विकेड आहे तो माणूस."
"स्ट्रिक्ट आहेत. विकेड कशाला म्हणतात ते तुला कळलंच नाही. जा, सॉरी म्हण."
मी गेलो नाही. ती पुन्हा बोलली नाही.
आता मला कोणता शब्द देत असेल? रूड? की तोही पुसून टाकला?

९ ऑक्टोबर
ताई म्हणाली, "कॉलेज सोडलंस, निदान जेवण तरी सोडू नकोस."

१३ ऑक्टोबर
टकला दुकानात आला. तोच, काळ्या बॅगवाला. स्कूटर ढकलत. म्हणे पंक्चर आहे. ट्यूब पाण्यात फिरवून फिरवून पाहिली — बुडबुडा एकही नाही.
"काका, पंक्चर नाहीये."
"माहीत आहे. हवा मीच सोडली." मग शांतपणे, "क्रूक तो मीच ना?"
माझ्या हातून ट्यूब निसटली.
"मुलगी रोज जेवताना तुझे शब्द ऐकवायची. अजून ऐकवते. तुला ती गुड म्हणते. का, ते मला काही कळलेलं नाही."
भाऊजींकडे उद्याची सुट्टी मागितली. सरांकडे जायचंय.