दांडा थंड होईपर्यंत

अहो,

कडबाकुट्टीचा दांडा राखेत थंड व्हायला ठेवलाय. जोड गरम असताना घाव घालायचा नाही, वर पाणी तर मुळीच ओतायचं नाही, हे तुमचंच सांगणं. मग तोवर मी काय करू? बसवत नाही, उठवत नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय.

दांडा अंबादास काकांचा आहे. सकाळपासून तो माझ्या हातून परत परत तुटतोय. तुमचे धाकटे भाऊ समोरच उभे होते, तुमच्यासारख्याच कपाळाला आठ्या घालून. म्हणाले, "वहिनी, कायला हट्ट करून राह्यल्या? आज ह्यो दांडा बराबर जुळला तर दुकान तुमचं. न्हाई तर उद्या भोकरदनचा माणूस सारं सामान इकत घेऊन उचलून नेईल, अन् तुम्ही परतूरला भावाकडं जा." आणि मी हो म्हटलं! कोणत्या तोंडानं म्हटलं, देव जाणे.

परतूरला जाऊन काय करू हो मी? भावजयीच्या घरात कोपरा धरून बसू? केदारखेड्याच्या फाट्यावरचं हे गॅस वेल्डिंगचं पत्र्याचं दुकान सोडलं तर तुमचं माझ्यापाशी उरलंय काय? पोळ्याच्या आधी छातीत दुखतंय म्हणून बाकावर टेकलात, ते उठलाच नाहीत. सांगून तरी जायचं!

आणि शिकवून जायचं. इतकी वर्षं तुमच्या शेजारी उकिडवी बसून सांडशीनं लोखंड धरलं मी. पण काळा चष्मा एकच, तो तुमच्या डोळ्यांवर. "तोंड फिरव, डोळे जातील," म्हणायचात. दुसरा आणा म्हटलं की "आणू की मंग." आणलात? मी संसारभर समोरच्या पत्र्याकडं बघत बसले. त्यावरचा गंज मला पाठ आहे. ज्योत बरोबर लागली की नाही हे नुसत्या आवाजावरून सांगेन, पण लोखंड जुळतं कसं ते कधी पाहिलंच नाही.

तुमचा चष्मा पहिल्यांदा घातला तेव्हा पट्ट्याला तुमच्या घामाचा वास होता. रडून काच आतून धुकट झाली आणि तो दिवस तसाच गेला. मग शिकले. फोडणीचा, केसांच्या तेलाचा हात साबणानं धुतल्याशिवाय ऑक्सिजनच्या बाटलीला लावत नाही. खंडेनवमीला भाऊजी तेलात कालवलेला शेंदूर घेऊन बाटलीच्या तोंडाशी गेले, तेव्हा मी अशी ओरडले की वाटी पडली त्यांच्या हातातून! भडका उडाला असता. बाटली ठेवायच्या गाड्याच्या चाकाला कोरडं हळदकुंकू लावा म्हटलं, वर बोट न्यायचं नाही. तुम्ही असता तर हसला असता.

पण जोड काही जमत नव्हता. वरून देखणा, आतून कच्चा. तुम्ही काम देण्याआधी स्वतःच हातोडा घालून बघायचात, "तुटायचा तर आपल्या दारात तुटू दे." मीही घालते, आणि तुटतो. काका बिचारे म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, म्या सांजच्याला येतो. पर कच्चा देऊ नको. माझी सून फिरवती ती कुट्टी." फिरवताना दांडा तुटला तर माणूस सरळ पात्यावर जातो, हे मला का माहीत नाही?

सगळे गेल्यावर खाली बसून ढसाढसा रडले. तुम्हाला बोल बोल बोलले. रडता रडता दंड चेपत होते, तेव्हा आठवलं. तुम्ही ज्योत धरलीत की कितीतरी वेळ काहीच व्हायचं नाही. जोडात वितळवायच्या तारेचा चर्र आवाज यायच्या आधी माझा दंड भरून यायचा. "उरका की लवकर!" म्हणून मी कुरकुरायचे. आणि आज मी काय करत होते? ज्योत लागली की लगेच तार. तुमचा तो थांबण्याचा वेळच मी कापून टाकला होता!

मग टोकं पुन्हा घासली, विटांवर समोरासमोर मांडली. डाव्या हातात तार धरली, पण लांबच ठेवली, दंड भरून येईपर्यंत. लोखंड लाल झालं, पिवळं झालं, तरी थांबले. आणि अहो, दोन्ही टोकांचं पाणी झालं आणि एकमेकांत मिसळलं. मग तार दिली. हे बघायचात तुम्ही रोज? एकटेच?

आता राखेत हात घालून पाहिला. दांडा हाताला सोसतोय. दुकानात कुणी नाही. हातोडा नुसता टेकवला तरी कुणाला कळणार नाही आणि दुकान माझं राहील. आलं हो मनात, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? परतूरच्या त्या कोपऱ्याची इतकी भीती वाटते मला.

पण तुम्हाला वचन देते. घाव पुऱ्या ताकदीनं घालीन, तुम्ही घालायचात तसा. तुटला तर दुकानाची चावी मीच भाऊजींच्या हातात ठेवीन. आणि काही झालं तरी, या वेळी तोंड फिरवणार नाही.

तुमची सांडशी धरणारी,
शोभा