घरच्या दोन तासांची मिर्ची

अमरदीपभाऊ यांस कामरगावहून तुमच्या भाटव्याचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा, फुलचंदचा रामराम. तुमची, निताची अन् पोट्ट्याइची तब्येत कशी आहे? पोट बराबर आहे ना? (हे उगाच नाई इचारून राह्यलो, कारण पुढं येईन.) तुमची बहीण धनीबाई ठणठणीत आहे. माह्या डोक्याचं मातर भजं झालं.

त्याचं असं झालं, यंदा आपली मिर्ची परदेशात जाणार होती. व्यापारी बजारापेक्षा दुप्पट भाव द्याले तयार, पण अट एकच, फवारणीच्या दवाईचा अंश सरकारनं ठरवलेल्या हद्दीच्या वर निघाला नाई पायजे. आता तुमाले मालूमच आहे, इकडं बजाराच्या मिर्चीले फवारतात अन् घरी खायाचे बांधाजवळचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, कोरे ठेवतात. मोठ्या वावरात मी दवाई काही कमी मारली नव्हती. (मारली म्हणजे रूपला गड्यानं मारली, मी आंब्याखाली बसून देखरेख केली.) म्हून तपासणीवाला सायब हातमोजे घालून आला, तवा मी त्याले मोठ्या इज्जतीनं घरच्या तासात नेलं. त्यानं पिशवीले सोन्यासारखं सील मारलं. मी मनात म्हणलं, फुलचंद, तुह्यासारखा हुशार तूच.

रिपोर्ट आला तो फेल! अन् साधा नाई. सायब म्हणे, "काका, मिर्चीत दवाई आहे का दवाईत मिर्ची?" घरी येऊन तुमच्या बहिणीवर भडकलो, तर तिनं मलेच झापलं. "घरचीच मिर्ची किडकी काहून ठेवता? भावाले डागी मिर्ची पाठवू का? रूपलाले मीच सांगतलं, आधी घरच्या तासाइले चांगलं मार, उरलं त्यात पाणी घाल अन् वावराले मार."

सायब त्या दिवशी जाताजाता मोठ्या वावराचाही नमुना घेऊन गेला होता, त्याचा रिपोर्ट याचा होता, अन् तोही फेल झाला असता तर सौदा गेलाच होता. रिपोर्ट येईपर्यंत भाकर गोड लागली नाई, खरं सांगतो. अन् आला तर काय, पास! आता येत्या आईतवारी गावात माहा सत्कार आहे. 'कमी दवाईची शेती' यावर मले दोन शब्द बोलाले लावून राह्यले. तुमची बहीण पदरात तोंड खुपसून हासून राह्यली.

तुमचा,
फुलचंद

ता. क. तुमाले जीपवाल्यासंगं पाठवलेली मिर्चीची पिशवी घरच्या तासाचीच होती. राह्यली असन तर फेकून द्या, खाल्ली असन तर तब्येत कळवा. तुमच्या बहिणीले मातर म्हणजा, लय झाक होती मिर्ची. तुमच्यासाठीच केलं होतं बिचारीनं.

आणखी एक, अन् पत्र त्याच्यासाठीच लिवलं. सत्काराले येताना वाशीमच्या बजारातून पावभर हिरवी मिर्ची आणा. पास झालेली सगळी व्यापाऱ्यानं बोलून ठेवली, फेल झालेली मी घरात येऊ देत नाई, अन् तुमची बहीण तवापासून मले फिक्कं वरण वाढून राह्यली.