पाखराच्या गाण्याचं दुसरं कडवं

लासलगाव,
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय संतोष,

इब्राहिमचा सलाम. वहिनींना नमस्कार सांग. इकडे लाल कांद्याची आवक जोरात आहे, मार्केटात ट्रॅक्टर लावायला जागा नाही. माझ्या जागी आता सुनील लिलाव पुकारतो. बरा पुकारतो, पण दुपारपर्यंत त्याचा घसा बसतो.

मी तुझे फोन घेतले नाहीत म्हणून तू रागावला असशील. रागावच. नाशिकला बदली झाली तरी तू आपली मंगळवारची बैठक कधी चुकवली नाहीस, आणि दिवाळीनंतर दोनदा मला न्यायला दारात आलास तेव्हा मी घरी नसल्याचं सांगायला लावलं. आतल्या खोलीतच बसलो होतो. आवाज घोगरा झाला होता, एका शब्दात तू ओळखलं असतंस.

गळ्यात गाठ निघाली, वाईट जातीची. गेल्या महिन्यात नाशिकला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. जीव वाचला. बोलणं गेलं, गाणंही गेलं.

लोक विचारतात, आता पोटाचं काय? पोटाचं होईल, थोरल्या अल्तमशचं दुकान चालतंय. मला रडू येतं ते मंगळवारचं. दिवसभर कांद्याचे भाव ओरडायचे आणि संध्याकाळी जुन्या शाळेच्या ओट्यावर पेटी उघडली की मी कुणाचा नोकर नसायचो. त्या गाण्यानं कधी कवडी दिली नाही, उलट तुम्हा सगळ्यांचा चहा माझ्याच अंगावर पडायचा. तरी मी खरा जगलो तिथंच.

तुझ्या भाभीला, गुलजारबीला, हा नाद कधी पटला नाही. मी घरी पेटी काढली की ती भांडी आपटायची. ऑपरेशनसाठी निघायच्या सकाळी दवाखान्याची पिशवी भरता भरता म्हणाली, "ते पाखराचं गानं म्हना एकदा. लोकांनीच ऐकलं, म्या कधी नीट ऐकलंच नाय."

तुझ्या बापूंनी रचलेलं ते गाणं. फाटक्या आवाजात पहिलं कडवं म्हटलं. ती खाली बसून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मला पुढं जाववेना. म्हणालो, "उरलेलं आल्यावर."

डॉक्टर काय काढणार आहेत ते तिलाही ठाऊक होतं. "बरं," म्हणाली, आणि पिशवीची चेन लावली.

परवा विचारत होती, त्या पाखराचं पुढं काय झालं. मी शब्द लिहून दिले. तिनं वाचले आणि कागद परत केला. म्हणाली, "असं नाय. म्हनलेलं पायजे."

संतोष, तू जन्मभर माझ्यामागं साथीला गायलास. एकट्यानं गा म्हटलं की लाजून तंबाखू मळत बसायचास. येत्या मंगळवारी घरी ये आणि तिला दुसरं कडवं म्हणून दाखव. पेटी मी वाजवीन, हात शाबूत आहेत. पट्टी तुला सोसेल तीच धरू. आजवर तू माझी सोसलीस.

तुझ्या साथीला बसलेला,
इब्राहिम